जाड अक्षराचं पोट: गोलमटोल देवनागरी फॉन्ट कसा घडतो आणि कुठे शोभतो

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मुलांसाठी बालवाचनालय सुरू करायचं ठरलं, तेव्हा फलकाचं काम माझ्याकडे आलं. संगणकावर रोजच्या मजकुराचा एक साधा फॉन्ट निवडला, 'बोल्ड'चं बटण दाबलं. तरी अक्षर हवं तेवढं भरलेलं दिसेना, म्हणून भोवती त्याच रंगाची जाड किनार चढवली. पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा सगळं ठीक वाटलं. फ्लेक्स छापून आला, फाटकावर चढला, आणि रस्त्यापलीकडून त्याचं पहिलं वाचन झालं ते 'वालवाचनालय' असं. वाचणारी मुलगी दुसरीत होती. एकेक अक्षर लावत तिने जे दिसत होतं ते अगदी बरोबर वाचलं होतं. ब च्या पोटातली तिरकी रेघ फलकावर उरलीच नव्हती.

ब आणि व यांच्यात फरक तेवढ्या एका रेघेचा. व चं पोट मोकळं असतं, ब च्या पोटात तिरकी रेघ असते. अक्षर जाड करताना रेघेची कड चहूबाजूंनी आत सरकते. पोटातली मोकळी जागा आधी अर्धी होते, मग तिची फट होते, मग ती बुजते. बुजली की ब आणि व एकच. देवनागरीत अशी जोडपी बरीच आहेत. घ आणि ध, भ आणि म यांना ओळखायचं ते मुख्यतः शिरोरेषा कुठे तुटते यावरून. 'खाना' आणि 'रवाना' यांच्यात तर दोन आकार एकमेकांना खाली जोडलेले आहेत की सुटे, एवढाच प्रश्न असतो.

आणि तरीही जाड, गोल, गुबगुबीत आणि स्वच्छ वाचता येणारी देवनागरी अक्षरं आहेत. ती आपण रोज बघतो: खाऊच्या पुड्यांवर, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकांवर, व्हिडिओंच्या शीर्षकांवर. ती कशी जमतात हे 'मोदक' आणि 'बालू' या दोन फॉन्टांच्या आधाराने सांगतो. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने घडवले आहेत. गिरीश दळवी, सारंग कुलकर्णी आणि नूपुर दाते ही या गटामागची प्रमुख नावं. दोन्ही फॉन्टांत देवनागरीबरोबर रोमन अक्षरंही आहेत, आणि दोन्ही कुणालाही विनामूल्य वापरता येतात.

मजकुराचं अक्षर आणि मथळ्याचं अक्षर

फॉन्टला दोन वेगळी कामं असतात. पुस्तकाच्या पानावरचं अक्षर तासन्‌तास वाचायचं असतं. तिथे वाचकाचं लक्ष अक्षराकडे जाऊच नये, सरळ अर्थाकडे जावं, ही त्याची कसोटी. मथळ्याचं अक्षर, ज्याला डिस्प्ले फॉन्ट म्हणतात, ते दोन-चार शब्दांपुरतं असतं. चालत्या माणसाला थांबवणं, लांबून ओळखू येणं आणि वाचण्याआधीच एक भाव पोचवणं हे त्याचं काम. लग्नाची पत्रिका, औषधाचं दुकान आणि गोट्या-भोवऱ्यांचं दुकान यांचे फलक न वाचताही वेगळे कळतात, ते या भावामुळे.

युरोपात ही विभागणी ठळक झाली ती १९व्या शतकाच्या सुरुवातीला. लंडनमध्ये भिंतीवरच्या जाहिराती वाढल्या, तशी पुस्तकाच्या अक्षरांपेक्षा कितीतरी जाड अक्षरं ओतली जाऊ लागली. शिशाची मोठी अक्षरं फार जड होतात, म्हणून १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी अक्षरांचं घाऊक उत्पादन सुरू केलं. मराठीत मात्र अडचण वेगळी होती. देवनागरीच्या एका संचाला जोडाक्षरं आणि मात्रा धरून शेकडो खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, लागतात. मजकुरासाठी तेवढा खर्च परवडतो. चार शब्दांच्या मथळ्यासाठी प्रत्येक तऱ्हेचा वेगळा संच ओतणं परवडत नाही. त्यामुळे आपल्याकडे मथळे हाताने रंगवले गेले, आणि छापायचे असतील तर त्यांचे ब्लॉक केले गेले. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं आठवा. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या अंगात उतरलेला असायचा. ती अक्षरं त्या त्या नावापुरतीच होती. त्यांतला 'क' उचलून दुसऱ्या शब्दात लावता येत नव्हता. तेवढी मोकळीक हातात असताना चित्रकार अडचणीच्या जागा जागच्या जागी सोडवत असे: इथे रेघ बारीक कर, तिथे वेलांटी वळव.

फॉन्ट करणाऱ्याला ही सोय नाही. त्याचा 'क' कुणाच्याही शेजारी बसला पाहिजे, आणि त्याच्यावर रफार, अनुस्वार, खाली उकार काहीही येऊ शकतं.

काळं किती, पांढरं किती

आता एक हिशेब करू. अक्षर जाड करणं म्हणजे काय, हे मला शब्दांपेक्षा या हिशेबाने जास्त कळलं.

कागदावर १०० मिलिमीटर उंच 'ह' काढा. शिरोरेषेपासून सरळ खाली बोट फिरवत आणा. बोटाखाली ढोबळमानाने चार वेळा रेघ आडवी येते: शिरोरेषा, पोटाची वरची कड, पोटाची खालची कड आणि शेवटचं शेपूट. मध्ये तीन मोकळ्या जागा. रेघ १० मिलिमीटर जाड असेल तर काळं झालं ४०, पांढरं उरलं ६०, म्हणजे प्रत्येक मोकळ्या जागेला २०. ऐसपैस. रेघ २० केली तर काळं ८०, पांढरं २०, प्रत्येक जागेला जेमतेम ७. रेघ २५ केली तर काळं पूर्ण १००. अक्षर संपलं, ठोकळा उरला.

हाच हिशेब रोमन लिपीतल्या 'ओ'ला लावा. तिथे वरून खाली येताना रेघ दोनदाच लागते. २५ मिलिमीटरची रेघ घेऊनही मध्ये ५० उरतात. तिथल्या 'ई'च्या छोट्या रूपात तीन रेघा आहेत, तरी दोन मोकळ्या जागांना मिळून २५ उरतात. म्हणजे रोमन अक्षर आरामात पेलेल त्या जाडीला आपला 'ह' गुदमरतो. 'इ', 'झ', 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' यांचीही तीच गत. आणि यात अजून मात्रा धरलेल्या नाहीत. 'हृ' किंवा 'र्द्धि' आला की वरखाली आणखी मजले चढतात.

एखादा इंग्रजी फॉन्ट दाखवून "अगदी हेच मराठीत करा" असं सांगितलं जातं, तेव्हा अडचण नेमकी इथे येते. जाडी तशीच्या तशी उचलून आणता येत नाही. अक्षर घडवणारा खरं तर काळ्याचं काम करतच नसतो. त्याच्या हातात मोजकं पांढरं असतं, आणि ते कुठे खर्च करायचं हे तो ठरवत असतो.

ठरवतो कसं? पहिली गोष्ट म्हणजे सगळ्या रेघा सारख्या जाड ठेवत नाही. आपल्या डोळ्याला आडवी रेघ त्याच मापाच्या उभ्या रेघेपेक्षा थोडी जाड वाटते. त्यामुळे आडव्या रेघा बारीक केल्या तरी अक्षर एकसारखं भासतं. जाड देवनागरीत हा फरक मुद्दाम वाढवतात. काना भरभक्कम आणि शिरोरेषा त्या मानाने बारीक, असं केलं की खालच्या पोटाला चार-पाच टक्के जागा मिळते. वरच्या हिशेबात पाच टक्क्यांची किंमत काय होती ते पाहिलंच.

दुसरं, अक्षराला रुंद होऊ देतो. उंचीत जागा नसेल तर आडवं पसरायचं. गुबगुबीत फॉन्ट अघळपघळ बसल्यासारखे वाटतात त्याचं हेही कारण.

तिसरं, सांधे कोरतो. 'क' मध्ये काना आणि दोन्ही बाजूंच्या वळणांचा जिथे सांधा होतो, तिथे काळ्याचं डबकं साचतं. जाडी एकसारखी ठेवली तर त्या जागी डाग पडल्यासारखं दिसतं. म्हणून सांध्याजवळ रेघ हळूच निमुळती करायची, वेळप्रसंगी आत खाच मारायची. छपाईत शाई थोडी पसरतेच. ती या खाचेत जिरते आणि अक्षर बुजत नाही. खाच दिसली तर मात्र काम फसलं.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. काही पांढरं तो सरळ सोडून देतो. न, म, ग यांच्या डावीकडे जी छोटी गाठ असते, तिच्यात बारीक लिखाणात कधीकधी इवलंसं भोक असतं. जाड अक्षरात ते जपायची गरजच नाही. भरीव गोळा असला तरी 'म' हा 'म'च वाचला जातो, कारण तिथे भोक नसल्याने तो दुसरं कुठलं अक्षर होत नाही. पण ब च्या पोटात रेघेच्या दोन्ही बाजूंचं पांढरं आणि ध च्या शिरोरेषेतली खिंड सोडता येत नाही. तिथे अक्षराची ओळख आहे. माझ्या फलकावर सॉफ्टवेअरने जी किनार चढवली, तिला हा भेद कळत नव्हता. तिने सगळीकडून सारखं खाल्लं.

मोदकाच्या कळ्या

'मोदक' फॉन्ट हा हिशेब अगदी टोकाला नेतो. देवनागरीतल्या सर्वांत लठ्ठ अक्षरांत त्याची गणना करायला हरकत नाही. त्याची देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केली, रोमन अक्षरं नूपुर दाते यांनी. सुरुवात हाताने काढलेल्या फुग्यांसारख्या आकारांपासून झाली.

त्यात पोट असं जवळजवळ उरतच नाही. दोन फुगीर रेघा एकमेकींना बिलगतात आणि मध्ये फक्त बारीक पांढरी फट राहते. ही फट सुरीने कापल्यासारखी सरळ नसून रेघ जिथे वळते तिथे सोबत वळते. त्यामुळे डोळ्याला कळतं की इथे एक घडी संपली, दुसरी सुरू झाली. उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाहिल्यात ना? मोदक लांबून एक भरीव गोळा असतो. त्याला मोदकपण येतं ते पातळ पाऱ्यांच्या मधल्या सावलीमुळे. त्या चपट्या झाल्या तर उरतो उकडीचा लाडू. फॉन्टचं नाव शोभेपुरतं ठेवलंय असं मला पूर्वी वाटे. अक्षरं मोठी करून फटींवरून नजर फिरवली तेव्हा ते किती नेमकं आहे हे कळलं.

यात आणखी एक गोम आहे. सगळ्या फटी सारख्या रुंदीच्या वाटतील अशा राखायच्या, तर रेघांची जाडी ठिकठिकाणी बदलावी लागते. 'अ' मधली रेघ आणि 'ळ' मधली रेघ सारखी जाड असूच शकत नाही, कारण 'ळ' च्या दोन वाटोळ्यांना जागा करून द्यायची असते. म्हणून प्रत्येक अक्षरात भाग नव्याने वाटावे लागतात, घरात पाहुणे वाढले की अंथरुणं सरकवावी तसे. एक नियम ठरवून शेकडो अक्षरांना लावता येत नाही. जोडाक्षरांत तर प्रत्येक जोडी वेगळी.

गोल टोकं काय करतात

आतापर्यंत जाडीचं झालं. गोलाईचं काय?

गोल टोकाच्या अक्षरांना अवजारांचा इतिहास आहे. धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पाटीवर फिरत्या पात्याने अक्षर कोरलं तर टोक आपोआप गोल येतं, कारण पातंच गोल फिरत असतं. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत असं होत नाही. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे रेघ दिशेप्रमाणे जाड-बारीक होते आणि तिचं टोकही तिरकं, धारदार येतं. गोल टोकाची देवनागरी म्हणजे बोरू खाली ठेवून खडू किंवा स्केचपेन हातात घेणं. बोरूचा शिस्तशीर, पोथीचा भाव जातो, फळ्याचा भाव येतो.

पाश्चात्त्य जगात जाड आणि मऊ अक्षराचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे 'कूपर ब्लॅक'. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांनी केलेलं हे अक्षर १९२२ मध्ये बाजारात आलं आणि शंभर वर्षांनंतरही दुकानांच्या पाट्यांपासून विमान कंपनीच्या नावापर्यंत दिसतं. जर्मनीच्या फोक्सवॅगनने १९७०च्या दशकाच्या शेवटी आपल्या विक्रेत्यांसाठी गोल टोकाचं 'व्हीएजी राउंडेड' करून घेतलं. मोटारीसारख्या पोलादी वस्तूला आपलेपणा द्यायला त्यांना गोल टोक हवंसं वाटलं, हे मला लक्षणीय वाटतं.

गोल आकार आपल्याला जवळचे का वाटतात? वोल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये एक साधा प्रयोग मांडला. एक आकृती टोकदार, एक गोलसर. एक शब्द 'टाकेटे', दुसरा 'बालुमा'. कुठला शब्द कुठल्या आकृतीचा? बहुतेक लोक 'बालुमा' गोल आकृतीला देतात. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' हे शब्द घेऊन हाच मुद्दा पुन्हा चर्चेत आणला. पुढे २००६ मध्ये मोशे बार आणि मायटल नेटा यांनी दाखवलं की एकाच वस्तूची टोकदार आणि वळणदार अशी दोन रूपं ठेवली तर माणसं वळणदार रूपाकडे अधिक झुकतात. टोकदार वस्तूत नकळत धोका जाणवतो, असं त्यांचं म्हणणं. एवढ्यावरून 'गोल फॉन्ट लावला की विक्री वाढते' असं कुणी म्हटलं तर मी मानणार नाही. पण सुरी आणि चमचा समोर ठेवले तर बाळाच्या हातात आपण काय देतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

देवनागरीत गोलाईची एक खास अडचण आहे, आणि ती शिरोरेषेची. शब्दात अक्षरं शिरोरेषेने जोडलेली असतात. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही टोकांना गोल केली आणि ती अक्षरं नुसती टेकवून ठेवली, तर प्रत्येक जोडावर वरखाली बारीक खाच पडते आणि रेषा मण्यांच्या माळेसारखी दिसते. ती टाळायला रेषा शेजारच्या अक्षरात पुरेशी आत घुसवावी लागते, म्हणजे गोल टोक शेजाऱ्याच्या काळ्यात लपतं आणि शब्दाच्या दोन्ही कडांनाच दिसतं. नवा फॉन्ट बघताना मी हे आधी तपासतो. शब्द खूप मोठा करायचा आणि शिरोरेषेवरून नजर फिरवायची.

बालू आणि त्याचे भाऊ

'बालू' २०१६ मध्ये गूगल फॉन्ट्सवर आला. मोदकाइतका तो टोकाचा नाही. जाड आहे, टोकं मऊ आहेत, पण पोटं उघडी आहेत. त्यामुळे त्याचा वापर जास्त सहज होतो. मोदक एका शब्दासाठी, बालू एका वाक्यासाठी, असं मी साधारण धरतो.

त्याचं मोठेपण मात्र त्याच्या कुटुंबात आहे. एकाच स्वभावाची अक्षरं एकट्या देवनागरीत न करता भारतातल्या आणखी नऊ लिप्यांच्या लेखनासाठी केली गेली, आणि प्रत्येकाला त्या त्या भाषेतला 'भाऊ' जोडला. गुजराती 'बालू भाई', उर्दू 'बालू भाईजान', ओडिया 'बालू भैना', मल्याळम 'बालू चेट्टन', बंगाली 'बालू दा', गुरमुखी 'बालू पाजी', कन्नड 'बालू तम्मा', तेलुगू 'बालू तम्मुडू', तमिळ 'बालू तंबी'. नावं वाचतानाच ओठांवर हसू येतं, आणि फॉन्टचा स्वभावही कळतो. काहींच्या नावात थोरला भाऊ आहे, काहींच्या नावात धाकटा.

हे काम नुसतं रूपांतराचं नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे वाहते आणि तिच्यात शिरोरेषा नाही. ओडियाच्या डोक्यावर गोल छत्र्या असतात, म्हणजे बरंचसं काळं वरच्या बाजूलाच खर्च होतं. तमिळमध्ये आडव्या-उभ्या सरळ रेघा भरपूर. मल्याळम तर वेटोळ्यांवर वेटोळी. प्रत्येक लिपीत पांढऱ्याचा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो, आणि तरी दहा जण एका ओळीत उभे केले तर सख्खे भाऊ वाटले पाहिजेत. ज्या देशात रेल्वे स्थानकाच्या पाटीवर एकाच नावाला तीन लिप्या लागतात, तिथे अशा कुटुंबाचं मोल वेगळं सांगायला नको. मराठी, गुजराती आणि इंग्रजी नावं एकाच फलकावर येतात, तेव्हा एक अक्षर बारीक, एक जाड, एक तिरकं असा मेळ आपण इतका बघितलाय की तो खटकतही नाही.

नंतर या कुटुंबाची 'बालू २' ही आवृत्ती आली. तिच्यात रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पाच पायऱ्या, आहेत. त्यामुळे मोठ्या मथळ्याखाली उपमथळाही त्याच घरातला लावता येतो.

वापरताना

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे जाड फॉन्टला पुन्हा 'बोल्ड' करणं. मोदक एकाच वजनात आहे. त्यावर 'बोल्ड'चं बटण दाबलं की सॉफ्टवेअरकडे जाड रूप नसतं, म्हणून ते असलेल्या अक्षरालाच यांत्रिकपणे फुगवतं आणि जिवापाड राखलेल्या फटी बुजतात. संकेतस्थळांवर हे न कळत घडतं, कारण ब्राउझर मथळ्यांना मुळातच बोल्ड धरतात. तिथे वजन ४००, म्हणजे साधंच, असं स्पष्ट लिहावं लागतं. त्याच रंगाची किनार चढवणं हा याचाच दुसरा प्रकार. तो मी करून बसलो होतो.

अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याचा मोह देवनागरीत टाळावा. इंग्रजी मथळ्यात ते सुंदर दिसतं, इथे शिरोरेषा तुटते. दोन ओळींमधलं अंतर मात्र नेहमीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. आणि जागेत बसत नाही म्हणून अक्षर आडवं दाबू नये. दाबलं की उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या तशाच राहतात, गोल टोकं अंडाकृती होतात. शब्द कमी करावा, किंवा फॉन्ट बदलावा.

आकाराचा प्रश्न थोडा बारकाईने बघू. निकोप नजरेचा डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखू शकतो. ३० मीटरवरून हे अंतर होतं जवळपास ९ मिलिमीटर. समजा, अक्षराच्या पोटातली फट त्याच्या उंचीच्या तिसाव्या भागाइतकी आहे. मग रस्त्यापलीकडच्या माणसाला ती फट दिसायला अक्षर सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या हाताहून थोडं जास्त उंच हवं. तेच अक्षर मोबाइलवर १६ पिक्सेल उंच ठेवलं तर फट अर्ध्या पिक्सेलची होते आणि करड्या रंगात विरते. फट नाही दिसली तरी बाह्याकारावरून काही अक्षरं ओळखता येतात, पण ब-व सारख्या जोडीत तो आधारही नसतो. म्हणून मोदक छोट्या आकारात लावूच नये. बालूला त्या मानाने बरंच खाली आणता येतं. रात्री आतून उजळणाऱ्या पाटीवर आणखी काळजी घ्यावी. उजळ अक्षराचा प्रकाश कडेने पसरतो आणि पोटातला काळोख गिळतो. अशा पाटीला एक-दोन वजनं कमीच बरी.

परिच्छेद मात्र कधीच नाही. निमंत्रणाचा मथळा बालूत छान दिसतो. खालचा तपशील, वेळ, पत्ता यांना 'मुक्ता'सारखं साधं अक्षर द्यावं. तेही 'एक टाइप'चंच आहे, सात वजनांत मिळतं आणि बालूशेजारी शांतपणे बसतं. आणि जिथे प्रसंग गंभीर आहे तिथे गोल अक्षर लावू नये. चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फलक मी फुग्यासारख्या अक्षरांत पाहिले आहेत. लावणाऱ्याचं दुःख खरंच असतं, पण अक्षर वाढदिवसाचं गाणं म्हणत असतं.

पहिलीच्या मुलांना गिरवायला ही अक्षरं देऊ नयेत, असंही माझं मत आहे. वर्गाच्या दारावर, गोष्टीच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, खोक्यांच्या चिठ्ठ्यांवर जरूर. पण गिरवताना हात कुठून सुरू होतो, गाठ कशी वळते हे दिसायला हवं. जाड अक्षरात तेच लपलेलं असतं.

परवान्याबद्दल थोडक्यात. मोदक आणि बालू दोन्ही एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. दुकानाची पाटी, टी-शर्ट, पुस्तक, अॅप यांत पैसे न देता वापरता येतात. फक्त फॉन्टची फाइल तेवढीच वेगळी काढून विकता येत नाही. दोन्ही युनिकोड (सगळ्या संगणकांना समान असलेली अक्षरांची सांकेतिक पद्धत) फॉन्ट आहेत, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात टंकलेला मजकूर तसाच चिकटवला तर अगम्य चिन्हं दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. तो दोष फॉन्टचा नसतो. सॉफ्टवेअरच्या मांडणीत दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो.

मराठीसाठी आणखी एक तपासणी. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं, हिंदीतली वेगळी. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही ठेवता येतात, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलं तरच ती बदलतात. ऱ्या, ॲ, कॅ, ळ हे सगळं नीट येतं का, हेही छापण्याआधी पाहावं.

आमचा फलक दुसऱ्यांदा केला तो बालूमध्ये, किनार न लावता, एक शब्द कमी करून. छापायला देण्याआधी एक ओळ टंकून तिची प्रत काढली: 'बाबा वावा घर धर भात मात खाना रवाना शाळा लळा सुऱ्या ॲप'. ती फाटकाला चिकटवली, रस्ता ओलांडला आणि दुसरीतल्या त्याच मुलीला वाचायला सांगितलं. 'रवाना'पाशी ती क्षणभर थांबली, मग पुढे गेली. 'बाबा' तिने एका दमात वाचलं.